चौथा गुंडा

रविवार, २१ नोव्हेंबर १९७१

नवी रोजनिशी सुरू. मागची मार्चमध्ये बंद पडली, पण त्यात दोष माझा नव्हता, पेनाचा होता.

या वेळी कारण भक्कम आहे. महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिक अंकासाठी 'जुन्या गुंडपटाचे गुणदोष व पात्रनिवड' हा अभ्यासपूर्ण लेख मी लिहिणार. जबलपुरात या विषयावर मराठीत कोणी काही लिहिलेलं नाही. हिंदीतही नसावं. शेजारच्या क्वार्टरमधल्या तिवारीला विचारलं तर म्हणाला, "काहे को लिखेगा कोई?" म्हणजे मैदान मोकळं आहे.

आज मॅटिनीला गेलो होतो. सदर बाजारातल्या टॉकीजमध्ये 'सात नंबर गोदाम'. दहा वर्षांपूर्वीचा, काळा-पांढरा. रेल्वेगाड्या मिलिटरीचा माल वाहण्यात गुंतल्यामुळे नव्या सिनेमांच्या पेट्या येत नाहीत, म्हणून मालकानं जुनीच पेटी लावली आहे. मी सहज गेलो. बॉसच्या टोळीत चार गुंडे आहेत. तिघांना संवाद आहेत. चौथा नुसता दाराशी उभा असतो, डावा हात कोटाच्या खिशात. तो दिसला आणि माझ्या हातातली शेंगदाण्याची पुडी खाली पडली.

तो आमचा बंडू आहे.

तटस्थपणे लिहायचं. मी फॅक्टरीत इन्स्पेक्शनला एक्झामिनर आहे. अठरा वर्षं तोफेचे भाग मापाचा गेज लावून पास किंवा रिजेक्ट करतो. भावनेच्या भरात पास केलेला एकही नग माझ्या नावावर नाही. म्हणून फक्त वस्तुस्थिती: बंडू माझा धाकटा भाऊ. एकोणसाठच्या दिवाळीनंतर सिनेमात काम करायला मुंबईला गेला. पोचल्याचं एक कार्ड आलं, मग काहीच नाही. त्याच्या डाव्या करंगळीचं टोक फॅक्टरीत अप्रेंटिस असताना प्रेस मशीनमध्ये गेलं होतं, त्यामुळे चारचौघांत तो डावा हात नेहमी खिशात ठेवायचा. आता पडद्यावरचा हात कुठे आहे? खिशात. संपलं.

शेवटच्या मारामारीत चौथा गुंडा मरतो. त्याच वेळी माझ्या बुटाची लेस सुटली. बांधून वर पाहिलं तोवर पोलीस पुढे गेले होते.

घरी बायकोनं, पुष्पानं, विचारलं, "भूत पाहिल्यावानी काहून दिसून राहिले?" म्हटलं, पिक्चर टुकार होता.

सोमवार, २२ नोव्हेंबर

संकटं एकटी येत नाहीत. नागपूरहून बाबाराव काका येणार आहेत. बारा वर्षं माणसाची काही खबर नसेल तर त्याला गेला असं धरून पळसाच्या देठांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. ते त्यांना बंडूचं करायचं आहे. तिलवाऱ्याला, नर्मदेवर.

याचा अर्थ इंदूचं कुंकू जाणार. इंदू बंडूची बायको. तो गेला तेव्हा लग्नाला दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून ती आमच्याकडेच आहे, प्राथमिक शाळेत शिकवते. मी तिचा भासरा, म्हणजे थोरला दीर. आमच्यात धाकटी सून भासऱ्यासमोर डोक्यावर पदर घेते आणि त्याच्याशी सरळ बोलत नाही. या बारा वर्षांत आमचं जे बोलणं झालं ते पुष्पामार्फत. "त्यांना म्हणावं, चहा ठेवला आहे." "तिला म्हणावं, साखर कमी." मध्ये पुष्पा नसेल तर आम्ही दोघं चहाकडे बघत बसतो.

पण मी इंदूचं कुंकू जाऊ देणार नाही. मुद्दा कायदेशीर आहे. बारा वर्षं मोजायची ती शेवटच्या खबरीपासून. सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट दाखवतात, त्यावर १९६१ आहे. म्हणजे बंडूची शेवटची खबर एकसष्टची. विधी १९७३ शिवाय करताच येत नाही! बाबारावांच्या तोंडावर हे मारणार. आधी मात्र लेख पूर्ण करणार, म्हणजे पुराव्याला वजन येईल.

बुधवार, २४ नोव्हेंबर

या आठवड्यात दुसरी पाळी आहे, चारला सुरू. मॅटिनी तीनला सुटते. अभ्यासासाठी पुन्हा गेलो.

गुण. या दिग्दर्शकाला अंधार कळतो. गोदामात एकच दिवा झुलतो आणि भिंतीवर माणसांच्या सावल्या लहानमोठ्या होतात. टोळी समुद्रातून येणाऱ्या लाँचची वाट पाहते तो तुकडा अप्रतिम आहे. कोणी बोलत नाही, संगीत नाही, नुसता पाण्याचा आवाज. चौथा गुंडा चौकटीला टेकून उभा, एक पाय दुसऱ्यावर. आई असती तर म्हणाली असती, "बंड्या, सरळ उभा राह्य."

दोष. हीरोचं रिव्हॉल्व्हर सहा गोळ्यांचं आहे आणि त्यानं अकरा झाडल्या. हाताला धक्का बसत नाही, धूर भलत्याच बाजूनं निघतो. असा माल माझ्या टेबलावर आला असता तर लाल रंग लावून परत पाठवला असता. शिवाय गोळीबार ऐन रंगात असताना हीरोइन गाणं म्हणते आणि सगळे गुंडे थांबून ऐकतात.

पात्रनिवड. बॉस इतका जाडा आहे की शिडी चढल्यावर त्याला संवाद म्हणता येत नाही. हा आमच्या कँटीनचा ठेकेदार शोभेल. हीरोइन कॉलेजात जाते, ती प्राचार्या म्हणून गेली असती तर पटलं असतं. हीरो कस्टम्सचा माणूस. तो मिशी चिकटवून कव्वाल होतो आणि सख्खी आई त्याला ओळखत नाही! हा कथेतला सर्वांत मोठा दोष. माणूस आपल्या माणसाला ओळखतोच. मिशी काय, बुरखा घातला तरी ओळखतो.

चौथ्या गुंड्याच्या मृत्यूच्या वेळी घशात खवखव झाली. पाणी प्यायला बाहेर गेलो. आलो तर 'समाप्त'.

टॉकीजबाहेर लख्ख ऊन होतं. तरी मागे दाराला कोणी टेकून उभं आहे असं फॅक्टरीच्या गेटपर्यंत वाटत राहिलं. मागे वळून पाहिलं नाही. अंधश्रद्धेला थारा द्यायचा नाही.

रविवार, २८ नोव्हेंबर

शास्त्राधार मिळवायला घाटे भटजींकडे गेलो. ते आठवडाभर सिविल लाइन्समध्ये सरकारी कार्यालयात कारकून असतात आणि भटजीपण रविवारी. प्रश्न कोणाच्या नावानं विचारला नाही. म्हटलं, समजा एखादा बेपत्ता माणूस कोणाला सिनेमात दिसला, तर तो 'दिसला' असं धरायचं का?

भटजी म्हणाले, सिनेमात रामचंद्रही दिसतात, त्यांचं तेरावं आम्ही केलेलं नाही आणि त्यांना घरी जेवायलाही बोलावत नाही.

हे उत्तर होत नाही. त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, मग अर्ज करा, वरिष्ठांकडे पाठवतो. भटजी रविवारी पूर्ण भटजी होत नाहीत, हा त्यांच्यातला दोष.

परत येताना टॉकीजच्या मॅनेजरला गाठलं. नटांची नावं? तो म्हणाला, "भैया, वो कंपनी तो कब की डूब गई. गुंडों के नाम कौन लिखता है?" खरंच, सुरुवातीच्या पाटीवर तिघांची नावं आहेत आणि पुढे 'वगैरे'. आमचा बंडू त्या वगैरेमध्ये आहे.

ठराव: उद्या पुष्पाला सगळं सांगणार.

बुधवार, १ डिसेंबर

पुष्पाला सांगितलं नाही. सोमवारी ती कणीक मळत होती. मंगळवारी तिचं डोकं दुखत होतं. आज ती पूर्ण मोकळी होती, तेव्हा माझं डोकं दुखू लागलं.

जेवताना इंदू वाढायला आली. नेहमीसारखा पदर, खाली मान, कपाळावर ठसठशीत कुंकू. ते पाहिलं आणि बरं वाटलं. माझ्या अभ्यासामुळे ते सुरक्षित आहे. तिला याची कल्पनाही नाही. अशी कामं गुपचूपच करायची असतात.

शनिवार, ४ डिसेंबर

काल लढाई सुरू झाली. संध्याकाळी रेडिओवर ऐकलं. आता फॅक्टरीत बारा तासांची पाळी. खिडक्यांना काळा कागद, सायकलच्या दिव्याला अर्ध्यावर काळा रंग. टॉकीजचे संध्याकाळचे खेळ बंद, मॅटिनी चालू. पेट्या तर आता येतच नाहीत, त्यामुळे 'सात नंबर गोदाम' मुक्कामालाच आहे.

माझी नजर लक्षात घेऊन आमच्या ओळीसाठी मला ब्लॅकआउट वॉर्डन नेमलं. शिट्टी मिळाली. आज पहिलीच संध्याकाळ. भोंगा झाला, सगळी कॉलनी काळी पडली. अशा काळोखात आपली पावलंसुद्धा दुसऱ्याची वाटतात. कोपऱ्यावरच्या खांबाला एक माणूस टेकून उभा. एक पाय दुसऱ्यावर. तोंडाशी लाल ठिणगी.

वॉर्डननं अशा वेळी शिट्टी मारून "बत्ती बुझाओ" म्हणायचं असतं. मी ओरडलो, "बंडू!"

तो तिवारी निघाला, बिडी ओढत होता. सगळ्या ओळीनं ऐकलं. आमच्या खिडकीमागे कोणीतरी उभं होतं, कागद हलला. घरात आल्यावर पुष्पाला म्हटलं, मी 'बंद करो' म्हणत होतो, घाईत जीभ वळली. इंदूनं पाण्याचा गडू आणून ठेवला आणि गेली.

मंगळवार, ७ डिसेंबर

बाबाराव काका आले. बस तिलवाऱ्याच्या पुलावर मिलिटरीच्या गाड्यांसाठी दोन तास थांबवली होती, तरी उतरल्याबरोबर विषय तोच. म्हणाले, "शालिग्राम, बारा वर्षं झाले. त्या पोरीले आणखी किती दिवस असं मधातच लटकवून ठेवशीन?" सतराला अमावस्या आहे, तो दिवस पक्का करून टाकला.

यांनाच बॉसचं काम द्यायला हवं होतं. उंच, वाळलेले, आवाज कधी चढत नाही. खरा गुंड असाच असतो, पुढ्यात बसून पोहे खातो आणि माणसाचं कुंकू पुसायची तारीख ठरवतो.

सेन्सॉर सर्टिफिकेटचा मुद्दा ओठांवर होता. पण पाहुणे प्रवासानं थकलेले. म्हटलं, पुरावा सभेतच मांडू. रविवारी मंडळात माझं व्याख्यान ठेवून घेतलं आहे. (लेखाचं आता व्याख्यान झालं. पुढेमागे पुस्तक होईल.) सगळा समाज ऐकेल, मग काकांना माघार घ्यावीच लागेल.

रात्रीची पाळी सुरू व्हायच्या आत मॅटिनीला जाऊन आलो. प्रिंट खराब होऊ लागली आहे. चौथ्या गुंड्याच्या चेहऱ्यावर उभ्या रेघा पडतात, जणू गजांमागून बघतो आहे. तो तेवढाच राहिला, चोवीस वर्षांचा. मला मध्यंतरी चष्मा लागला, आई गेली, हे त्याला काही माहीत नाही. त्याच्याकडे बघता बघता मी मोठ्यानं म्हटलं, "जेवला का रे?" पुढच्या रांगेतला फौजी मागे वळला.

मरणाच्या वेळी चष्मा पुसत होतो. काचेवर वाफ होती. हॉलमध्ये वाफ कुठून आली कळत नाही.

रविवार, १२ डिसेंबर

व्याख्यान झालं. ब्लॅकआउटमुळे दुपारी तीनला ठेवलं होतं. शंभर खुर्च्या मांडा म्हणून मी सांगितलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, लढाईचे दिवस, वीस मांडू. आले सात. त्यात तिवारी धरला आहे. त्याला मराठी येत नाही, पण चिवडा येतो.

बोललो उत्तम. निदान सुरुवात उत्तम होती. अंधार, सावल्या, रिव्हॉल्व्हरच्या अकरा गोळ्या, सगळं तयार होतं. मग चौथ्या गुंड्यावर आलो आणि तिथेच राहिलो. तो कसा टेकतो, कसा कान खाजवतो, संवाद नसताना कसा ऐकतो, बॉस ओरडतो तेव्हा बाकीचे बॉसकडे बघतात पण हा बाहेर पाण्याकडे कसा बघतो. हात खिशात ठेवण्यामागचं कारण सांगताना आवाज थोडा बसला. हवा कोरडी आहे सध्या.

शेवटी प्रश्न. तिवारी उठला. "वो सब ठीक है लांजेवारजी, पर ये बताइए, आपका चौथा गुंडा मरता कैसे है?"

मी म्हटलं, मृत्यू हा गौण भाग आहे. तो म्हणाला, "इतनी बार देखी और मरना नहीं देखा?" लोक हसले. एका पार्टवर गेज लावलाच नाही आणि पासचा शिक्का मारला, असं तो पुढे म्हणाला. फॅक्टरीची भाषा मंडळात आणायची गरज नव्हती.

बाबाराव मागच्या खुर्चीत बसले होते. ते हसले नाहीत. घरी येताना म्हणाले, "तुले पडद्यावर कोण दिसून राहिलं ते समजलं मले." मी सर्टिफिकेटचा मुद्दा काढला. एकसष्ट अधिक बारा. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला, हे मान्य करायला हवं. नंतर एवढंच म्हणाले, "नवरा तिचा आहे. तिले दाखव. तो आहे का नाही, ते तिनं सांगाव."

पात्रनिवडीबद्दलचं माझं मत थोडं बदलतो. काका बॉस शोभत नाहीत. कोण शोभतात ते नंतर लिहीन.

मंगळवार, १४ डिसेंबर

पुष्पाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, मला चार तारखेपासूनच माहीत आहे, खांबापाशी 'बंद करो' कोणी एवढं रडून म्हणत नाही.

म्हटलं, इंदूला घेऊन जायचं आहे, गुरुवारी. शुक्रवारी सिनेमा बदलणार आहे, एक जुनी पेटी कटनीहून आली म्हणे. पुष्पानं आत जाऊन विचारलं. बाहेर येऊन म्हणाली, येते म्हणाली. बाकी काही? काही नाही. रडली? नाही. मग? मग काय, म्हणाली, गुरुवारी शाळा बंदच आहे.

तिला केवढा धक्का बसेल याची मला काळजी वाटते. लिंबू, कांदा आणि पाण्याची बाटली बरोबर घ्यायची. बंडूला पाहून ती किंचाळली तर मॅनेजरला आधीच कल्पना द्यायची. आणि एकदा तिनं ओळखलं की घाटे भटजी, बाबाराव, तिवारी, सगळे गप्प.

ठराव: या वेळी मरण पाहणार. बुटाला लेसच नको, चप्पल घालून जाणार.

गुरुवार, १६ डिसेंबर

आम्ही तिघं गेलो. मी, मध्ये पुष्पा, पलीकडे इंदू. हॉलमध्ये मोजकी माणसं. इंदूनं डोक्यावरचा पदर अंधारातही काढला नाही.

लाँचची वाट पाहण्याचा तुकडा आला. तो आला. टेकून उभा राहिला. मी पुष्पाच्या पलीकडे पाहिलं. इंदू पडद्याकडे सरळ बघत होती, वर्गात मुलाचं पाठांतर ऐकावं तशी शांत. किंचाळली नाही. मला वाटलं, धक्क्यानं दगड झाली. कांदा काढून हातात ठेवला.

गोळीबार सुरू झाला. हीरोइनचं गाणं झालं. मी चप्पल घालून आलो होतो, तरी वाकलो. पुष्पानं माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही. म्हणून पाहिलं.

हीरोची गोळी लागते. चौथा गुंडा दाराला धरून घसरतो, खोक्यांवर आपटतो, जमिनीवर पडतो. आणि पडताना डावा हात खिशातून बाहेर येतो. कॅमेरा त्या हातावर थांबतो. हात हळूहळू उघडतो. पाच बोटं. करंगळी पूर्ण, टोकासकट. तिच्यात अंगठीसुद्धा आहे.

एवढा मोठा हात, अख्ख्या पडद्यावर. दिग्दर्शकानं माझ्यासाठीच ठेवल्यासारखा. एक्झामिनरला यापेक्षा स्पष्ट नग मिळत नाही.

दिवे लागले तेव्हा मी कांदा धरून बसलो होतो. मला रडू येत होतं, कांद्यानं नाही, हे इथे लिहून ठेवतो कारण इथे कोणी वाचत नाही. बारा वर्षांत मला बंडूसाठी रडू आलं नव्हतं. तो मेलाच नव्हता, मग रडणार कशाला.

बाहेर उन्हात आल्यावर इंदू थांबली. मला वाटलं पुष्पाला काही सांगेल आणि पुष्पा मला सांगेल. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊजी, ते हे नव्हते."

तिचा आवाज मी पहिल्यांदाच माझ्याकडे येताना ऐकला. पुष्पाकडे पाहिलं तर ती शेंगदाणेवाल्याकडे बघत होती.

इंदू म्हणाली, "हा सिनेमा पहिल्यांदा लागला होता, तेव्हाच मी पाहिला. शाळेतल्या बेबीताईसोबत. मलाही हेच वाटले. मग पुन्हा पुन्हा गेली. ते पडायचे तेव्हा मीही डोळे मिटून घेत होती. एक दिवस उघडे ठेवले."

मी विचारलं, सरळ तिलाच विचारलं, तेव्हाच काहून नाही सांगितलं?

ती म्हणाली, "कसं सांगनार? तुमच्याशी बोलायचं नाही ना." मग म्हणाली, "आणि तुम्ही जेवायला बसले की आधी माझ्या कुंकवाकडे पाहत होते, मग घास घेत होते. मला वाटलं, असू द्या. तुमच्यासाठी लावत होती. पण आता थकली मी, भाऊजी. बाबाराव काकांना मीच बोलावलं."

आम्ही घरी चालत आलो. तिघांपैकी मध्ये कोणी नव्हतं.

संध्याकाळी ढाक्याची बातमी आली. लढाई जिंकली. कॉलनीत फटाके, सगळ्या खिडक्यांचे काळे कागद लोकांनी टराटरा फाडले. तिवारी पेढे घेऊन आला, मला मिठी मारली आणि व्याख्यानाबद्दल माफी मागितली. म्हटलं, नाही भैया, तुमचा प्रश्न बरोबर था.

आमच्या खिडकीचा कागद मीच काढला. खांबापाशी कोणी नव्हतं. नीट पाहिलं, दिव्याच्या उजेडात. कोणीच नव्हतं.

शुक्रवार, १७ डिसेंबर

लेखाचं काय झालं म्हणून सेक्रेटरींनी सकाळी विचारलं. एवढंच लिहून दिलं: चौथा गुंडा, काम चांगलं केलं आहे. नट कोण, माहीत नाही. ते म्हणाले, हे फार थोडं आहे. म्हटलं, खात्रीचं तेवढंच आहे.

मग तिलवारा. घाटे भटजींनी अर्धा दिवस रजा टाकली होती. घाटावर गार वारा होता. बाबारावांनी इंदूलाही आणलं होतं. ती घरूनच कुंकू न लावता निघाली. मी एकदाच पाहिलं आणि मग नर्मदेकडे बघत राहिलो. कोणाला पुसावं लागलं नाही, हे बरं झालं.

भटजींनी पळसाचे देठ मांडायला घेतले. इतके डोक्याचे, इतके छातीचे, इतके पायांचे, असं म्हणत म्हणत माणूस तयार होत गेला. शेवटी बोटांचे दहा. ते मला मांडायला सांगितले. अग्नीही मीच द्यायचा होता. धाकट्याला थोरल्यानं देऊ नये म्हणतात, पण दुसरं कोणी नव्हतं.

मी देठ ओळीत लावले. उजवा हात झाला. डावा झाला. पाहिलं तर पाचही सारखे. त्या हाताचा शेवटचा देठ उचलला, टोक थोडं मोडलं आणि परत ठेवला.

भटजी म्हणाले, अहो लांजेवार, देठ मोडला तुमच्याकडून, दुसरा घ्या. मी म्हटलं, नको, हाच बरोबर आहे. ते गोंधळून इंदूकडे पाहू लागले.

इंदू वाकली. देठ नीट पाहिला. म्हणाली, "हो. असाच होता."

मग मी अग्नी दिला.